तुराटीच्या खांबांची लाईन

गुलाबरावांच्या आगगाडीला खांब नव्हते. सगळी भानगड तिथूनच सुरू झाली.

आगगाडी म्हणजे खरी नव्हे, खेळण्यातली. कारंज्याच्या शिवेवर गुलाबरावांचा भाजीचा मळा, मळ्यातच घर, आणि घराच्या माडीवर कांदे साठवायची खोली. कांदे आता खालच्या शेडमध्ये गेले होते आणि माडीवर फळ्या टाकून गुलाबरावांनी आपलंच शिवार उभं केलं होतं. हिरव्या रंगात भिजवलेल्या भुशाची वावरं, मातीची विहीर, धुऱ्यावरचा म्हणजे बांधावरचा निंब, शेजारच्या धनसिंगचा गोठा, आणि या सगळ्याच्या कडेनं जाणारी छोटी गाडी. खरी छोटी गाडी, म्हणजे अरुंद रुळांवरची आगगाडी, बंद पडून बरीच वर्षं झाली होती. तिचे रूळ मळ्याच्या कडेला बाभळीत गडप झाले होते. पण माडीवर बटण दाबलं की ती अजून निघत होती, वळण घेत होती आणि गुलाबरावांचा जीव गार करत होती.

हे माडीवरचं प्रकरण घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. तशी प्रयागबाईंची सक्त ताकीद होती. मुलगा गोपाल तिशीला टेकलेला. पोरगा गुणी, निर्व्यसनी, ठिबकची अख्खी जोडणी डोळे मिटून करील असा. पण मुलीकडचे लोक 'मुलगा काय करतो' असं विचारत, 'शेती' हे उत्तर ऐकत आणि चहा अर्धा टाकून चपला शोधत. आता अनसिंग गावच्या पंजाबरावांची मुलगी साधना, हे स्थळ मोठ्या मुश्किलीनं जुळत आलं होतं. पंजाबराव घर आणि वावर पाहायला येणार होते.

"एक ध्यानात ठेवा," प्रयागबाईंनी नवऱ्याला बजावलं. "पोराच्या लग्नाच्या वक्ती बाप खेळन्यातली गाडी चालवून राह्यला, हे त्या मानसाले समजलं, तं थो आल्या पावली वापस जाईन. मंग पोरगं तसंच राह्यलं तं तुमच्याच गाडीत बसवून फिरवजा त्याले."

गुलाबरावांनी मान डोलावली. मान डोलावण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. काही माणसं जन्मतःच घाबरट असतात, त्यातले हे अव्वल नंबरी. ते सापाला भ्यायचे, वळूला भ्यायचे, अनोळखी नंबरावरून आलेल्या फोनला भ्यायचे, आणि बायकोला तर हळदीच्या दिवसापासून भ्यायचे. न भिता करायची त्यांची एकच गोष्ट होती, ती म्हणजे ती गाडी.

तर त्या गाडीकडे एके दिवशी गोपालनं निरखून पाहिलं.

"बाबा, सारं झकास हाय. पन खांब कुठी हायत? रुळाच्या बाजूनं तारा नाई तं गाडी उघडी-बोडकी दिसून राह्यली."

एवढं बोलून पोरगा मोटर चालू करायला निघून गेला आणि बापाच्या डोक्यात किडा सोडून गेला. खरंच की. गुलाबरावांच्या लहानपणी गाडीच्या डब्यातून बाहेर पाहिलं की तारा खाली यायच्या, खांब आला की टुणकन वर जायच्या. त्या तारा नसतील तर गाडी कसली?

ते कामाला लागले. खांबांना तुराट्या घेतल्या. तुरीची काडी सोलून घासली की अशी सरळसोट निघते की विचारू नका. आडव्या दांड्यांना काड्यापेटीच्या काड्या. वर तारा बांधायला चिनी मातीच्या पांढऱ्या वाट्या असतात, त्यांच्या जागी स्वयंपाकघरातून गुपचूप आणलेला साबुदाणा, एकेक दाणा डिंकानं चिकटवलेला. आणि तारा कुठल्या, तर विहिरीवरच्या जळालेल्या मोटरीच्या वायंडिंगच्या, केसासारख्या बारीक. खऱ्या तारेला झोळ असतो, हिला तो काही केल्या येईना. तेव्हा मधोमध चिखलाची गोळी लटकवून त्यांनी तोही आणला. प्रश्न एकच राहिला. दोन खांबांमध्ये अंतर किती ठेवायचं?

आता दुसऱ्या कुणी हे पुस्तकात पाहिलं असतं, मोबाईलवर शोधलं असतं. गुलाबराव पडले माळव्याचे, भाजीपाल्याचे शेतकरी. आकडे त्यांच्या डोक्यात टिकत नसत, जमीन टिकत असे. भेंडीचे वाफे असोत की वांग्याच्या सऱ्या, ते आधी चुन्याची फक्की मारायचे, लांब उभे राहून डोळे बारीक करून पाहायचे, पटलं नाही तर पायानं पुसून पुन्हा मारायचे. हेही त्यांनी तसंच करायचं ठरवलं. घमेल्यात फक्की घेतली आणि सकाळीच जुन्या रुळांच्या कडेनं निघाले. पहिल्यांदा खऱ्या खांबांची बुडखी सापडत गेली. प्रत्येक बुडख्यापाशी त्यांनी चुन्याची फुली मारली. पुढं बाभूळबन लागलं. बाभळीत काहीतरी सळसळलं. सरडाही असू शकत होता, पण गुलाबरावांनी खात्री करून घेतली नाही. ते जे बाजूला सरकले ते थेट आपल्या मिरचीत आले, आणि मग त्याच अंदाजानं फुल्या मारत मिरचीतून विहिरीवरून धुऱ्यावर आणि धुऱ्यावरून धनसिंगच्या वांग्यांत, पार त्याच्या गोठ्यापर्यंत गेले. मग विहिरीच्या काठावर चढून त्यांनी फोटो काढला. ओळ मोठी झोकात दिसत होती. आता पुसायची, एवढ्यात फोन वाजला.

"कुठी हाय तुमी?" प्रयागबाईंचा आवाज आला. "चाय थंडी होऊन राह्यली."

गुलाबराव फुल्या तशाच टाकून घमेल्यासकट पळाले.

दुपारी धनसिंग दारात उभा. धनसिंग म्हणजे दांडगा गडी, मिशा भरघोस आणि राग त्याहून भरघोस. हातात काठी होती. चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

"गुलाबभाऊ, घात झाला. लाईन येऊन राह्यली."

"कोनती लाईन?"

"टावरची. लाईटची मोठी लाईन. माह्या वांग्यात फक्की मारून गेले हरामखोर. तुह्या मिरचीतबी मारली. टावर उभा राह्यला का खाली हीर खंदू देत नाई, झाड लावू देत नाई, घर बांधू देत नाई. वावराचं वाटोळं. मले फक्त कोन फक्की मारली थो सापडू दे. त्याचे हात कोपरापासून सोडवतो."

गुलाबरावांनी दोन्ही हात पाठीमागं नेले. त्या क्षणी 'बाबा रे, मीच तो' असं म्हटलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण त्यांना एका बाजूला धनसिंगची काठी दिसत होती आणि दुसऱ्या बाजूला दारातून पाहणाऱ्या प्रयागबाई. फक्की का मारली म्हणून सांगायचं? खेळण्यातल्या गाडीला खांब लावायचे होते म्हणून?

"कोन मारली असंन बावा," ते म्हणाले, आणि तिथं फसले.

संध्याकाळपर्यंत फक्कीचे फोटो शिवारातल्या यच्चयावत मोबाईलवर पोचले. दुसऱ्या दिवशी धुऱ्यावरच्या निंबाखाली माणसं जमली. कुणी म्हणालं, लाईन हैदराबादला चालली आहे. कुणाला पाहुण्यानं सांगितलं होतं की अशा तारांखाली म्हशी आटतात. ज्यांच्या वावराला फक्कीचा कणही लागला नव्हता, तेही घाबरले, कारण लाईन वळणार तर त्यांच्याकडेच वळणार. शेवटी कृती समिती काढायचं ठरलं. अध्यक्ष कोण? सगळ्यात जास्त फुल्या कुणाच्या वावरात, तर गुलाबरावांच्या.

"मानूसबी शांत हाय," धनसिंग म्हणाला. "म्या गेलो तं तिथी मारामारी होईन."

गुलाबराव 'नको नको' म्हणत होते, तो लोकांना विनय वाटला. त्यांना हार घातला. दोन शब्द बोला म्हणाले. गुलाबराव उभे राहिले आणि ज्यानं कुणी ही फक्की मारली त्यानं मोठं पाप केलं आहे, असं थरथरत्या आवाजात बोलून खाली बसले. काहींच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग समिती तहसिलीत गेली. तिथल्या कारकुनानं शांतपणे ऐकून घेतलं, कॉम्प्युटरात पाहिलं आणि सांगितलं, "अशी कुठलीच लाईन तुमच्या शिवारातून नाही."

गुलाबरावांच्या जिवात जीव आला. झालं, मिटलं. पण बाहेर आल्याबरोबर धनसिंग म्हणाला, "पाह्यलं? नाई म्हन्ते. म्हंजे पक्कं हाय."

सगळ्यांनी माना हलवल्या. लाईन खरंच नसती, तर कारकून पाहू, चौकशी करू, अर्ज द्या असं काहीतरी बोलला असता. एवढं स्वच्छ 'नाही' सरकारी माणसाच्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नव्हतं.

आता गुलाबरावांना एकच मार्ग दिसत होता. फक्की पुसायची. पंजाबराव येण्याच्या आत वावर स्वच्छ दिसलं पाहिजे. पहाटे खराटा घेऊन ते मळ्यात गेले, तर वांग्यांच्या कडेला बाज टाकून धनसिंग बसलेला. प्रत्येक फुलीभोवती त्यानं दगड मांडले होते आणि दवानं भिजू नये म्हणून वर खताची रिकामी पोती झाकली होती.

"पुरावा हाय," तो म्हणाला. "कोनाले हात लावू देत नाई. तू खराटा कायले आनला?"

"आंगन झाडाले."

"इथी?"

"इथूनच सुरू करतो," असं म्हणून गुलाबराव तिथपासून घरापर्यंतची वाट झाडत मागं फिरले. धनसिंगनं अध्यक्षांचं मोठं कौतुक केलं.

पंजाबराव ठरल्या दिवशी आले. एकटेच, फटफटीवर. उंचेपुरे, काळेसावळे, कमी बोलणारे. एखाद्या वस्तूकडे पाहायचे तर बैल घ्यायला आल्यासारखे पाहायचे. त्यांनी घर पाहिलं, शेड पाहिली, गोपालला दोन प्रश्न विचारले. प्रयागबाईंनी डोळ्यांनीच नवऱ्याला खूण केली की सगळं ठीक चाललं आहे, तुम्ही फक्त तोंड बंद ठेवा. मग वावर पाहायला निघाले.

मिरचीपाशी पंजाबराव थांबले. "हे पोते कायले टाकले?"

"दवासाठी," गुलाबरावांनी सांगितलं.

"जमिनीले दव लागू देत नाई तुमी?"

गुलाबराव काही जुळवणार, तोच वांग्यातून धनसिंग उठला. पाहुणे पाहून त्याला भरून आलं. दुःख सांगायला नवीन माणूस मिळाला होता.

"रामराम पाव्हने. पाहा, पाहून घ्या. टावर लाईन येऊन राह्यली या वावरातून. थे पाहा, मिरचीच्या मधातून, हिरीच्या उरावरून, माह्या वांग्यात. हे आमचे गुलाबभाऊ समितीचे अध्यक्ष हायत. लढून राह्यले बिचारे, पन आता काई खरं नाई या वावराचं."

पंजाबरावांनी वाकून पोतं उचललं, फुली पाहिली, पोतं परत ठेवलं. "सोयरिकीच्या बोलन्यात तुमी हे सांगतलं नाई," ते म्हणाले, आणि घराकडे वळले. मागोमाग धनसिंगही निघाला.

घरी आल्यावर ते खुर्चीवर बसले नाहीत, उभ्या उभ्याच पाणी प्यायले. गोपाल खाली मान घालून दाराशी उभा होता. आत्तापर्यंत प्रत्येक वेळी तो असाच उभा राहिला होता, आणि प्रत्येक वेळी पाहुणे गेल्यावर काही न बोलता मळ्यात निघून गेला होता. गुलाबरावांनी त्याच्याकडे पाहिलं. खरं सांगावं तर बाप गाडी खेळतो हे कळणार, पाहुणा जाणार, वर धनसिंग हात सोडवणार. न सांगावं तर लाईन येणार, आणि पाहुणा तर चाललाच होता. भीतीनं त्यांना दरदरून घाम फुटला. पण पोराची ती खाली घातलेली मान त्यांना बघवेना.

"पंजाबराव," ते म्हणाले, "जराशीक माडीवर चला. धनसिंग, तूबी चाल."

प्रयागबाईंनी कपाळाला हात लावला.

माडीचं दार उघडलं. पाहुणे आणि धनसिंग फळ्यांवरचं ते शिवार पाहत राहिले. भुशाची वावरं, विहीर, निंब, रूळ, आणि रुळांपासून सुटून मिरचीतून, विहिरीवरून, वांग्यांतून थेट गोठ्यापर्यंत गेलेली खांबांची ओळ, तारांसकट, झोळासकट. गुलाबरावांनी ती फक्कीच्या फोटोवरून हुबेहूब उतरवली होती.

"फक्की म्याच मारली होती," ते कसेबसे म्हणाले. "याच्यासाठी."

त्यांना वाटलं होतं, आता हसतील. धनसिंग हसला नाही. त्याच्या मिशा थरथरायला लागल्या.

"म्हंजे सरकारी नमुना तुह्याजवळ हाय," तो हळूच म्हणाला. "अध्यक्षच फुटला. माह्या गोठ्यातून लाईन नेली बे तुनं."

"अरे, खेळनं हाय हे. गाडी हाय."

"खेळनं? माहे वांगे, माहा गोठा, हे सारं मोजून-मापून खेळन्यासाठी केलं? कोनाले येडं बनवून राह्यला?"

"थांब, चालवून दाखवतो," म्हणत गुलाबरावांनी बटण दाबलं. गाडी जागची हलली नाही. पुन्हा दाबलं. खालून गोपालचा आवाज आला, "बाबा, लाईट गेली." धनसिंगनं काठी या हातातून त्या हातात घेतली. पंजाबराव हाताची घडी घालून दोघांकडे आळीपाळीनं पाहत होते.

काय करावं सुचेना, तेव्हा गुलाबरावांनी समोरचा एक खांब उपटला आणि धनसिंगच्या नाकासमोर धरला.

"खाऊन पाह्य."

"काय?"

"थे पांढरं. खाय."

धनसिंगनं संशयानं खांब तोंडाशी नेला, दातानं दाणा तोडला आणि चावला. बराच वेळ चावला.

"साबुदाना हाय," तो म्हणाला.

"अन खांब?"

धनसिंगनं खांब वाकवून पाहिला. "तुराटी."

"कोनतं सरकार साबुदान्याचे खांब करते, तूच सांग."

धनसिंग बाजूच्या पोत्यावर मटकन बसला. काठी त्यानं भिंतीला टेकवली. आठवडाभराची भीती एकदम उतरली की माणसाला राग यायलाही ताकद उरत नाही. "म्या त्या फुल्यांपाशी बाज टाकून झोपलो बे," एवढंच तो म्हणाला. मग त्याची नजर पुन्हा फळीवर गेली. तो उठला, आपल्या गोठ्यावर वाकला, आत डोकावून पाहिलं.

"माही म्हैस कुठी हाय?"

"राह्यली बनवाची."

"गोठा केला अन म्हैस नाई केली," धनसिंगला मनापासून वाईट वाटलं. "लोकं काय म्हन्तीन?"

म्हशीचं वचन घेऊन तो खाली गेला आणि समितीच्या माणसांना फोनवर फोन करत सुटला. माडीवर गुलाबराव आणि पंजाबराव दोघंच उरले. प्रयागबाई चहा घेऊन जिन्यात आल्या होत्या, मागोमाग गोपालही, दोघं तिथंच थांबले.

"बोला," गुलाबराव म्हणाले. "लाईन येत नाई हे पाह्यलं तुमी. गाडीबी पाह्यली. मी असा हाव. पन त्यात पोराचा काई दोष नाई."

पंजाबरावांनी एक तार बोटानं हळूच हलवून पाहिली. "तुमी धनसिंगले भेता?"

"हो."

"तहसीलवाल्याले?"

"हो."

"बायकोले?"

गुलाबरावांनी जिन्याकडे पाहिलं. "लई," ते कुजबुजले.

"मंग जमलं."

"काय जमलं?"

"सोयरीक." पंजाबराव पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसले. त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं, आणि गुलाबरावांच्या लक्षात आलं की घामाघूम तर तेही झाले होते. "आता खरं सांगतो, दादा. मी वावर पाहाले आलोच नोतो. मी सासरा पाहाले आलो. आमची साधना मनानं सोनं हाय, पन कोनाचं ऐकून घेत नाई. मांगच्या दोन्ही जागी सासरे कडक निंगाले. पह्यल्याच बैठकीत अशी भिडली, का मी चाय न पेता उठून आलो. तुमी मघाशी लाईन लपवली, मले वाटलं तुमी पक्के बेरकी. म्हटलं हेबी गेलं. पन तुमी तं नुसते भ्याले होते."

"पोरगी... कशी म्हंजे, भिडते म्हंजे?" गुलाबरावांनी विचारलं.

"आता कसं सांगू. मांगच्या साली आमच्या इकडची लाईट गेली. लाईनमन खांबावर चढला, अन म्हने उद्या पाहू. साधनानं त्याची शिडी काढून घेतली अन खांबाखाली खुर्ची टाकून बसली. लाईट आली तवाच त्याले उतरू देलं."

जिन्यात कपबशा वाजल्या. प्रयागबाई वर आल्या, त्यांचा चेहरा उजळला होता. "अशीच सून पाह्यजे होती मले," त्या म्हणाल्या. "गोपाल, पेढे आन रे."

गोपाल दोन-दोन पायऱ्या टाकत खाली पळाला. पंजाबरावांनी मोबाईल काढला, फळीवरच्या शिवाराचा फोटो घेऊन मुलीला पाठवला आणि चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. निघताना फटफटी चालू करून ते पुन्हा थांबले आणि मोबाईलकडे पाहून हसले.

"साधनाचं उत्तर आलं. म्हन्ते गाडी लई आवडली. पन खांब वाकडे हायत, आल्यावर पाह्यते म्हने."

पाहुणे गेले. घरात आनंदीआनंद झाला, धनसिंगनं पेढ्यांवर ताव मारला, गोपाल कारण नसताना हसत होता. गुलाबराव तेवढे गुपचूप माडीवर गेले आणि डोळे बारीक करून ओळीकडे पाहू लागले. खांब खरंच वाकडे होते. त्यांनी घाईघाईनं पहिला उपटला.